एका कर्ण्याची कसोटी

स्टिरिओच्या जमान्यातही गाणे ‘मोनो’त का तपासावे?

नागपूर : फुटाळा तलावाच्या काठावर बसलेले दोन मित्र एकाच मोबाइलवरचे गाणे ऐकत असतात. इअरफोनचे एक टोक एकाच्या कानात, दुसरे दुसऱ्याच्या. अंतऱ्याआधी येणाऱ्या बासरीला पहिला मित्र दाद देतो आणि दुसरा विचारतो, ‘कुठली बासरी?’ दोघांच्याही कानांत दोष नसतो. गाण्याचे ध्वनिमिश्रण करताना बासरी पूर्णपणे डाव्या बाजूला ठेवलेली असते आणि दुसऱ्या मित्राच्या वाट्याला उजवी बाजू आलेली असते. बासरीवादकाने जीव ओतून वाजवलेली ती जागा अर्ध्या श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही.

असाच अनुभव वेगवेगळ्या रूपांत सर्वत्र येतो. स्टुडिओत भरदार वाटलेले गाणे मोबाइलच्या स्पीकरवर पोकळ वाटते. ढोलकीचा घुमारा हरवतो, पेटी आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात, कोरस दूर कुठेतरी गेल्यासारखा भासतो आणि शब्द तर कळतच नाहीत. दोष बहुधा स्पीकरच्या माथी मारला जातो. मात्र पुष्कळदा त्याचे मूळ मिश्रणातच दडलेले असते आणि ते शोधण्याचा एक जुना, बिनखर्चाचा उपाय ध्वनिमुद्रकांच्या हाताशी असतो. तो म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकत्र करून संपूर्ण गाणे एकाच स्पीकरवर ऐकणे. ध्वनिमुद्रणाच्या परिभाषेत यालाच ‘मोनोत तपासणे’ म्हणतात. घरोघरी संगणकावर ध्वनिमुद्रण होऊ लागल्यापासून या तपासणीचे महत्त्व उलट वाढलेच आहे.

मोनो आणि स्टिरिओ

‘मोनो’ म्हणजे ध्वनीचा एकच प्रवाह. स्पीकर एक असो वा दहा, सर्वांतून तेच ऐकू येते. ‘स्टिरिओ’मध्ये मात्र डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. एखादे वाद्य केवळ डावीकडे, केवळ उजवीकडे किंवा दोन्हीकडे समप्रमाणात देता येते. दोन्हीकडे सारखे दिले की ते ऐकणाऱ्याला बरोबर मध्यभागी असल्यासारखे भासते. वाद्याची जागा ठरवण्याच्या या क्रियेला ‘पॅनिंग’ म्हणतात.

आधुनिक स्टिरिओचा पाया ब्रिटनमधील ईएमआय कंपनीचे अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी घातला. त्यांनी १९३१ साली पेटंटसाठी केलेल्या अर्जात स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या अनेक मूलभूत कल्पना आढळतात. स्टिरिओ तबकड्या सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. या तबकडीच्या खाचेत सुई आडवी हलते तेव्हा दोन्ही बाजूंची बेरीज उमटते आणि उभी हलते तेव्हा त्यांच्यातील फरक. त्यामुळे स्टिरिओ तबकडीतही एकत्रित ध्वनी हा गाभा आणि दोन बाजूंमधील फरक ही त्यावरची भर, अशी मांडणी होती.

एफएम प्रसारणातही हेच तत्त्व कायम राहिले. अमेरिकेत १९६१ साली मंजूर झालेल्या पद्धतीनुसार मुख्य लहरीवर डाव्या-उजव्याची बेरीज पाठवली जाते. फरक वेगळ्या उपलहरीवर जातो आणि १९ किलोहर्ट्झचा एक बारीक खुणेचा स्वर रेडिओ संचाला ‘हे प्रसारण स्टिरिओ आहे’ असे कळवतो. संकेत क्षीण झाला की फरकाचा भाग खरखरू लागतो. तेव्हा अनेक संच तो भाग हळूहळू कमी करून मोनोकडे वळतात. साहजिकच नागपुरातून अमरावती मार्गाने निघालेल्या मोटारीत सुरुवातीला स्टिरिओ ऐकू येणारे गाणे वाडी मागे पडून शहर दूर गेल्यावर श्रोत्याच्या नकळत मोनो होऊन गेलेले असते.

आकाशवाणीचे दिवस

नागपूरकरांच्या दोन-तीन पिढ्या मोनोवरच वाढल्या. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. मध्यम लहरींवर ५१२.८ मीटर, म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झ, हा आकडा विदर्भातील घराघरांत परिचित झाला. पुढे १८ मे १९८८ पासून आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपूर येथील एक मेगावॉट क्षमतेचे प्रक्षेपक उपयोगात आणले गेले. देशाच्या मध्यभागी असल्याने येथून निघालेला रात्रीचा कार्यक्रम दूरदूरच्या प्रांतांत ऐकला जाई. ही वाहिनी आता बंद झाली आहे.

मध्यम लहरींवरचे हे सारे प्रसारण मोनो होते. त्यातच आशियात या लहरींवरील दोन केंद्रांमधील अंतर ९ किलोहर्ट्झ ठेवलेले असल्याने साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी श्रोत्यापर्यंत फारसा पोहोचत नसे. झांजेची झळाळी, तंबोऱ्याच्या जव्हारीतील बारीक किणकिण बरीचशी वाटेतच गळून जाई. उरलेला ध्वनी तळहाताएवढ्या कर्ण्यातून बाहेर पडे. तरीही शेताच्या बांधावर ठेवलेल्या ट्रान्झिस्टरमधून गाण्याचा शब्द न् शब्द कळत असे.

याचे कारण गाण्याच्या बांधणीत होते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यातील ५६ गीते महाराष्ट्राने एका कर्ण्यावर ऐकली आणि पाठ केली. एकाच प्रवाहात सर्व काही बसवायचे असेल तर कोणी कधी वाजवायचे आणि कोणी थांबायचे, हे संयोजकाला आधीच ठरवावे लागते. गायक ओळ म्हणत असताना व्हायोलिनने मागे राहायचे, ओळ संपताच पुढे यायचे; बासरीने वरच्या सप्तकात फिरायचे आणि सारंगीने मधल्या. मोजक्या माइकवर ध्वनिमुद्रण होई तेव्हा वादकांना माइकपासून कमी-अधिक अंतरावर बसवून तोल साधावा लागे. डावी-उजवी बाजूच नसल्यामुळे गर्दी लपवायला जागा नव्हती.

पाश्चात्त्य देशांतही वेगळे चित्र नव्हते. बीटल्स या वाद्यवृंदाच्या १९६० च्या दशकातील बहुतेक ध्वनिमुद्रिकांच्या मोनो मिश्रणावर अधिक मेहनत घेतली गेली होती. कारण त्यांचे बहुसंख्य चाहते मोनो संचांवरच गाणी ऐकत. ही मोनो मिश्रणे २००९ साली स्वतंत्र संचाच्या रूपाने पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा रसिकांनी त्यांचे आवर्जून स्वागत केले.

दोन कानांची किमया

मग स्टिरिओत ऐकताना गडबड का जाणवत नाही? त्याचे उत्तर मानवी श्रवणात आहे. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित मंद ऐकू येतो. हा उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो. गर्दीच्या लग्नमंडपात चारी बाजूंनी कोलाहल चालू असताना समोरच्या नातेवाइकाचे बोलणे आपण वेगळे काढू शकतो, तेही बऱ्याच अंशी याच बळावर. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ साली या क्षमतेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

स्टिरिओ मिश्रणात पेटी डावीकडे आणि गिटार उजवीकडे ठेवली की दोघांची स्वरकक्षा एकच असली तरी मेंदू त्यांना सहज वेगळे करतो. तीच दोन वाद्ये एका कर्ण्यातून आली की दिशेचा आधार नाहीसा होतो. मग जे वाद्य मोठे, ते त्याच कक्षेतील लहान आवाजाच्या वाद्याला झाकून टाकते. ध्वनिशास्त्रात या परिणामाला ‘मास्किंग’ म्हणतात. पेटीचा मधला भाग गायकाच्या आवाजाला झाकतो. ‘क’, ‘ट’, ‘स’ यांसारखी व्यंजने ज्या दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उठून दिसतात, तेथेच बॅन्जोचा टणत्कार आणि झांजेचा किणकिणाट दाटी करतो. ढोलकीच्या धुमाचा घुमारा आणि बास गिटार एकमेकांच्या पायांत येतात.

ही टक्कर स्टिरिओत पॅनिंगच्या पडद्याआड दडून राहते. मोनोत पडदा दूर होतो. यासाठीच जाणकार ध्वनिमुद्रक वाद्यांची स्पष्टता साधण्याचे मुख्य काम आधी मोनोत करतात आणि डाव्या-उजव्या जागा नंतर वाटतात. एका कर्ण्यातून प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू आले, तर ते स्टिरिओत आणखी खुलते.

बेरजेत वजाबाकी

मास्किंगपेक्षाही गंभीर प्रकार ‘फेज’चा आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढ-उतार. दोन्ही बाजूंत तोच ध्वनी असेल आणि दोन्हीकडे चढ एकाच वेळी येत असेल, तर बेरीज केल्यावर पातळी ६ डेसिबलने वाढते. दोन्ही बाजूंतील ध्वनींचा परस्परांशी संबंध नसेल तर ही वाढ सरासरी ३ डेसिबलच होते. आणि एका बाजूला चढ असताना दुसरीकडे नेमका तेवढाच उतार असेल, तर बेरीज शून्य होते. स्टिरिओत दोन्हीकडून ऐकू येणारे वाद्य मोनोत अक्षरशः गायब होते.

दोन माइक लावून केलेल्या ध्वनिमुद्रणात हा धोका नेहमीचा आहे. ढोलकीचेच पाहा. शाईच्या बाजूला एक आणि धुमाच्या बाजूला एक असे दोन माइक लावले, तर थाप पडताच एक पान आत जाते आणि आतल्या हवेच्या दाबाने दुसरे बाहेर ढकलले जाते. पहिल्या माइकला आधी उतार मिळतो, दुसऱ्याला चढ. दोघांची बेरीज होताच ढोलकीचा खर्ज पातळ होतो. अशा वेळी मिक्सरवरील शून्यावर तिरकी रेघ असलेले बटण दाबून एका माइकचे संकेत उलटवले की हरवलेला घुमारा परत येतो. कोणती बाजू योग्य, हे मोनोत ऐकूनच ठरवावे लागते.

दुसरा प्रकार अंतराचा. हवेत ध्वनी एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. पेटीपासून एक माइक जवळ आणि दुसरा त्याहून ३४ सेंटिमीटर दूर असेल, तर दोघांत तेवढ्या काळाचा फरक पडतो. बेरीज केल्यावर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक ठिकाणी ध्वनी कमी होत जातो. आलेख काढल्यास तो कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो. कानाला मात्र पेटी नळकांड्यातून वाजत असल्यासारखी वाटते. यावर जुना आडाखा असा की, वाद्य आणि त्याचा माइक यांत जेवढे अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावे. तबला आणि डग्गा यांच्यासाठी स्वतंत्र माइक लावताना हा आडाखा पाळणे कठीण असते. म्हणून तेथे मोनो तपासणी अधिकच गरजेची ठरते.

तिसरा प्रकार संगणकयुगाची देणगी. कीबोर्डमधील तयार स्वर, कोरसला रुंद करणारे परिणाम, एका गिटारची दोन बाजूंना किंचित उशिराने ठेवलेली प्रत, हे सारे हेडफोनवर फार भव्य वाटते. त्यातील पुष्कळसा भव्यपणा दोन बाजूंमधील फरकातूनच निर्माण केलेला असतो. बेरीज होताच तो विरून जातो. गाण्याची मुख्य धून अशा रुंद केलेल्या स्वरावर सोपवलेली असेल तर मोनोत गाण्याचा कणाच निघून जातो.

एका वायरीची चूक

या वजाबाकीचा सर्वांत नाट्यमय अनुभव स्टुडिओबाहेर, कार्यक्रमाच्या व्यासपीठावर येतो. गायक मोबाइल किंवा लॅपटॉपवरचा तयार ट्रॅक घेऊन येतो. त्याची स्टिरिओ पिन मिक्सरच्या माइक अथवा लाइनच्या ‘बॅलन्स्ड’ खाचेत थेट खोचली जाते. ही खाच दोन तारांमधील फरक घेण्यासाठीच बनवलेली असते. लांब तारेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असल्याने ती वजा व्हावी, हा तिचा हेतू. मात्र तिला डावे आणि उजवे असे दोन संकेत मिळाले की ती डाव्यातून उजवे वजा करते. दोन्हीकडे सारखे असलेले सारे काही, म्हणजे मध्यभागी ठेवलेला मुख्य आवाज, बास आणि ढोलकी, निघून जाते. उरतात ती बाजूची वाद्ये आणि दूरवरून आल्यासारखा घुमारा. ऐनवेळी ‘सीडी खराब आहे’, ‘फाइल बिघडली’ अशी धावपळ सुरू होते. प्रत्यक्षात दोन्ही बाजू दोन वेगळ्या खाचांत देणारी योग्य तार लावली की प्रश्न मिटतो. गाण्यातील मुख्य आवाज काढून त्याचा कराओके ट्रॅक करण्याची एक जुनी युक्ती याच वजाबाकीवर आधारलेली आहे.

तपासणी कशी करावी?

मोनो तपासणीसाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. बहुतेक मिक्सर आणि संगणकावरील ध्वनिमुद्रण प्रणालींमध्ये अंतिम वाहिनीवर मोनोचे बटण असते किंवा तशी सोय करता येते. पायरीपायरीने जायचे तर पुढील क्रम सोयीचा ठरतो.

सर्वप्रथम एकच स्पीकर चालू ठेवावा. दोन स्पीकरवर मोनो ऐकले तर दोघांचा आवाज प्रत्येक कानाशी वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि कानापाशीच नवी वजाबाकी घडते. स्पीकर लहान आणि साधा असला तरी चालतो. किंबहुना १९७० च्या दशकात ऑरटोन कंपनीचे एकाच कर्ण्याचे चौकोनी छोटे स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत याच कामासाठी ठेवले जात. आवाजाची पातळी शेजारी बसलेल्या माणसाशी सहज बोलता येईल इतकी कमी असावी. मोठ्या आवाजात सारेच चांगले वाटते.

त्यानंतर मुख्य आवाज आणि ताल यांचा तोल लावावा. मग एकेक वाद्य आत आणावे. नवे वाद्य आल्यावर आधीचे कोणते झाकले गेले, हे लक्षपूर्वक ऐकावे. टक्कर आढळल्यास आवाज वाढवण्याऐवजी इक्वलायझरने एका वाद्याचा तो पट्टा थोडा कमी करावा. दोन-तीन डेसिबलची घटही पुष्कळदा पुरते. तेवढ्यानेही भागले नाही तर दोष संयोजनात आहे असे समजून एका वाद्याचे सप्तक बदलावे किंवा गायनाच्या वेळी त्याला विश्रांती द्यावी.

तिसऱ्या पायरीवर दोन माइकने घेतलेले प्रत्येक वाद्य एकटे वाजवून त्याचे उलटवण्याचे बटण दोन्ही स्थितींत ऐकावे. ज्या स्थितीत खर्ज भरदार वाटतो ती ठेवावी.

चौथी पायरी पॅनिंगची. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. नेहमीच्या पद्धतीत मध्यभागी ठेवलेला ध्वनी आणि पूर्ण कडेला ठेवलेला ध्वनी स्टिरिओत सारखेच मोठे वाटतात. मोनोत मात्र कडेचा ध्वनी मध्याच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने मागे पडतो. म्हणून ज्याशिवाय गाणे उभे राहत नाही ते सारे मध्यभागी किंवा त्याच्या आसपास ठेवावे. कडेला शोभेच्या गोष्टी ठेवाव्यात.

शेवटी संपूर्ण गाणे स्टिरिओ आणि मोनो असे आलटून-पालटून ऐकावे. मोनोत रुंदी कमी होणारच. तो दोष नव्हे. एखादे वाद्य नाहीसे होते का, ताल पातळ होतो का, शब्द अस्पष्ट होतात का, एवढेच पाहायचे. पुष्कळ प्रणालींत +१ ते –१ असा परस्परसंबंध दाखवणारा मापक असतो. काटा बराच वेळ शून्याखाली राहिला तर वजाबाकीचा धोका आहे असे समजावे. तथापि अंतिम निर्णय कानाचाच. याखेरीज केवळ डावी आणि मग केवळ उजवी बाजूही एकदा ऐकून पाहावी. फुटाळ्याच्या काठावरची बासरी तेव्हाच सापडेल.

मिरवणूक, मांडव आणि दीक्षाभूमी

नागपुरात संगीत जेथे खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोहोचते, त्या बहुतेक जागा मोनोच्याच आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक असो, लग्नाच्या वरातीतील धुमाल असो की गणेश मंडळाचा मांडव, तेथे भोंगे आणि स्पीकरचे डबे गर्दीच्या दिशेने तोंड करून ठेवलेले असतात. त्यांच्या बरोबर मध्यभागी उभे राहून ऐकणारा श्रोता विरळाच. जो ज्या डब्याजवळ, त्याच्या वाट्याला तोच आवाज. म्हणून गावोगावी ध्वनिव्यवस्था करणारे अनेक जण दोन्ही बाजूंना एकच मिश्रण देतात. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा २०१७ साली खुल्या झालेल्या रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात कडेच्या खुर्चीवर बसलेल्या रसिकालाही समोरच्या बाजूचाच स्पीकर अधिक ऐकू येतो. व्यासपीठावरील पेटी केवळ दुसऱ्या बाजूला दिलेली असेल तर त्याने काढलेल्या तिकिटात पेटी समाविष्ट नव्हती, असेच म्हणावे लागेल.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर, दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांत, हाच नियम अधिक कठोरपणे लागू होतो. मांडवाच्या शेवटच्या टोकाला घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकाला नाट्यगीताचा शब्द कळला नाही तर प्रवेशाचा अर्थच हातातून निसटतो.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला लोटणाऱ्या जनसागरात पुस्तकांच्या दुकानांबरोबरच भीमगीतांच्या ध्वनिफितींची आणि पुढे सीडींची दुकानेही वर्षानुवर्षे लागत आली. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या परंपरेतील ही गीते ढोलकी, पेटी, बॅन्जो आणि कोरस यांच्या साथीने गायली जातात. त्यांचा प्राण शब्दांत आहे. विचार पोहोचवण्यासाठीच ती रचली गेली. वस्तीतल्या एका भोंग्यावर, रिक्षावर बांधलेल्या एका कर्ण्यावर ती ऐकली गेली आणि तेथेच ती टिकली. आज एखाद्या वस्तीतील तरुण आपल्या खोलीत, लॅपटॉप आणि हेडफोनच्या साह्याने नवे गीत ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा त्याचे श्रोतेही बहुतांशी मोबाइलच्या स्पीकरवर किंवा टेबलावरच्या एका ब्लूटूथ डब्यावर ऐकणार असतात. २०१६ साली आयफोन ७ येईपर्यंत आयफोनसारख्या महागड्या संचातही एकच स्पीकर असे. आता अनेक फोनमध्ये दोन असले तरी ते इतके जवळ असतात की हातभर अंतरावरून डावे-उजवे ओळखणे अवघड जाते. त्या गीतातील ढोलकीवाल्याची मेहनत आणि कवीचा शब्द पोहोचतो की नाही, हे त्या हेडफोनवर कळत नाही. एका कर्ण्यावर कळते.

एका कानाचे श्रोते

या विषयाला एक बाजू अशीही आहे जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. काही व्यक्तींना एका कानाने ऐकू येत नाही. लहानपणी झालेले गालगुंड हे अशा एकतर्फी बहिरेपणाचे एक परिचित कारण आहे. दुखापत, कानाची गाठ किंवा अचानक उद्भवलेला आजार ही आणखी काही. अशा व्यक्तीने हेडफोन लावला तर स्टिरिओचा अर्धा भाग तिच्यासाठी अस्तित्वातच नसतो. संवादगीतात नायक एका बाजूला आणि नायिका दुसऱ्या बाजूला ठेवली असेल, तर तिला केवळ प्रश्न ऐकू येतात, उत्तरे नाहीत.

त्यासाठी मोबाइल फोनमध्ये सोय आहे. आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्ही प्रणालींत सुलभतेसाठीच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ हा पर्याय असतो. तो सुरू केला की दोन्ही बाजूंची बेरीज दोन्ही कानांना मिळते. इअरफोन वाटून घेणाऱ्या मित्रांनाही तो उपयोगी पडतो. मात्र हा पर्याय सुरू होताच वर सांगितलेली सारी वजाबाकीही लागू होते. मिश्रण मोनोत तपासलेले नसेल तर ज्याच्यासाठी ही सोय केली, त्याच्याच पदरी पोकळ गाणे पडते.

मर्यादाही आहेत

मोनोत तपासावे याचा अर्थ गाणे मोनोतच ठेवावे असा नाही. चांगल्या हेडफोनवर एकाग्रतेने ऐकणाऱ्या रसिकाला स्टिरिओची खोली आणि विस्तार मिळायलाच हवा. चित्रपटगृहात तर चहूबाजूंनी येणारा ध्वनी हाच अनुभवाचा भाग असतो. मोनोत प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी टिकवण्याच्या अट्टहासाने मिश्रण कोंदटही होऊ शकते. मागे घुमणारा एखादा स्वर मोनोत थोडा मंदावला, तर बिघडत नाही. धून, शब्द आणि ताल या तिन्हींना धक्का लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

तसेच ही तपासणी चुकीच्या ध्वनिमुद्रणावरचा रामबाण इलाजही नाही. बेसूर वाद्य, माइकपासून फार दूर बसलेला गायक, घुमणारी खोली यांचे दोष मोनोत अधिक ठळक दिसतील. ते दुरुस्त मात्र पुन्हा ध्वनिमुद्रण करूनच होतील. ते वादक घरी जाण्यापूर्वी लक्षात आले, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. त्यामुळे मोनोचे बटण काम संपल्यावर दाबण्यापेक्षा काम सुरू असतानाच अधूनमधून दाबणे शहाणपणाचे.

थोडक्यात

– एकच स्पीकर, कमी आवाज, मोनोचे बटण सुरू.
– आधी शब्द आणि ताल, मग एकेक वाद्य.
– वाद्ये भिडली तर आवाज वाढवू नये. एकाचा पट्टा कमी करावा किंवा संयोजन बदलावे.
– दोन माइक असलेल्या वाद्याचे संकेत उलटवून दोन्ही स्थिती ऐकाव्यात.
– धून, शब्द, ताल आणि खर्ज मध्यभागी, शोभा कडेला.
– केवळ डावी व केवळ उजवी बाजू स्वतंत्र ऐकावी.
– कार्यक्रमात स्टिरिओ पिन थेट बॅलन्स्ड खाचेत लावू नये.
– गाणे बाहेर देण्यापूर्वी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे.

मोनो तपासणीला खर्च नाही. लागतात ती पाच मिनिटे आणि थोडा संयम. स्टुडिओतल्या दोन उत्तम स्पीकरसमोर नेमक्या मध्यावर एकच खुर्ची असते. बाकीचे सारे श्रोते त्या खुर्चीच्या बाहेर असतात : कोणी ऑटोरिक्षात, कोणी स्वयंपाकघरात, कोणी मांडवाच्या टोकाशी, तर कोणी मित्राच्या इअरफोनचे एक टोक कानात घालून तलावाच्या काठावर. गाणे त्यांच्यासाठीच केलेले असते.